विडी कामगारांच्या हिशोबाचं अ‍ॅप: आधार, लोकेशन मागायचं का?

पूर्वभाग_सोलापूर
आई लग्नाआधीपासून विड्या वळते. कारखान्यात किती दिल्या, किती बाद झाल्या, सगळं वहीत लिहिते. त्या वहीचं अँड्रॉइड अ‍ॅप मी करतेय, सोलापूरजवळच्या कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीतल्या बायकांसाठी. खर्च करणारे गृहस्थ म्हणतात, आधारचा फोटो, लोकेशन, कॉन्टॅक्ट्स आत्ताच घेऊन ठेव, पुढे उपयोगी पडतील. मला हे अजिबात पटत नाही. त्यांना काय सांगू? आणि बऱ्याच घरांत फोन एकच, तोही दिवसभर मुलाच्या हातात. बाईची कमाई तिलाच दिसावी, यासाठी फिंगरप्रिंट लावलं तर चालेल?

अक्कलकोट_रोड
ताई, त्यांना २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा वाचायला द्या. सांगितलेल्या कामाला लागेल तेवढ्याच माहितीपुरती संमती धरली जाते. विड्या मोजायला लोकेशन कशाला? सुरक्षेची काळजी घेतली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. संमतीची सूचना संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत वाचायची सोय हवी, म्हणून तेलुगू विसरू नका. तुमच्या भागात बऱ्याच घरांत तीच बोलतात.

सातरस्ता
फिंगरप्रिंट नको! फोनमध्ये मुलाचं बोट नोंदवलेलं असेल तर अ‍ॅप त्यालाही उघडतं. अ‍ॅपचा स्वतःचा पिन ठेव. चार आकड्यांचे पिन दहा हजारच होतात, म्हणून चुकेल तसा थांबण्याचा वेळ वाढव, आणि डेटा कुलूपबंद करणारी किल्ली अँड्रॉइडच्या कीस्टोअरमध्ये, म्हणजे किल्ल्या सुरक्षित ठेवण्याच्या जागेत, ठेव. अ‍ॅपचा पडदा लपवणारं ‘फ्लॅग सिक्युअर’ लाव, नाहीतर अलीकडच्या अ‍ॅप्सच्या यादीत आकडे दिसतात. नोटिफिकेशनमध्ये रक्कम कधीच नको.
सगळ्यात महत्त्वाचं, सर्व्हर हवाच कशाला? मॅनिफेस्टमधून, म्हणजे अ‍ॅपच्या परवानग्या लिहिलेल्या फाइलमधून, इंटरनेटची परवानगी काढ, डेटाची आपोआप प्रत ठेवणारा ऑटो बॅकअप बंद कर. जे गोळाच केलं नाही ते चोरीला जात नाही.

विडी_घरकुल
आमच्या गल्लीत एकाने योजनेच्या नावाखाली आधारचे फोटो घेतले आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले. बायका अजून घाबरतात. आधार मागितलंत तर त्या अ‍ॅप उघडणारसुद्धा नाहीत.

पूर्वभाग_सोलापूर
सगळ्यांचे मनापासून आभार. इंटरनेटची परवानगी काल काढली, गृहस्थांनाही तसं कळवलं. आईने लगेच विचारलं, पिन विसरले किंवा फोन हरवला तर? बॅकअप बंद, म्हणजे हिशोब गेलाच. आता महिन्याचा हिशोब पासवर्ड लावलेल्या फाइलमध्ये मेमरी कार्डवर घेण्याची सोय करतेय. ती नीट चालेपर्यंत आईला वही बंद करू नको म्हणाले.