बिरड्याचा रोजा आणि टाकीची सफाई
(अलिबाग, आमच्या बिल्डिंगचा ग्रुप)

सेक्रेटरी: उद्या टाकी साफ होणार. १० ते ५ पाणी बंद. बादल्या आजच भरून ठेवा, नंतर मला फोन नको.

३०२ मावशी: अहो, उद्याच? उद्या आमचा बिरड्याचा रोजा. वालाला मोड आलेत, सोलायला पाणी लागेल की.

४०१: मावशी, रोजा? तुम्ही ज्यू ना? नवीन आहे मी, रागावू नका 🙏

३०२ मावशी: रागवायचं काय त्यात! आम्ही बेने इस्राएल. पुस्तकात तिशा बआव, घरात बिरड्याचा रोजा. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्याचं सुतक समजा. पहिलं बाबिलोनवाल्यांनी पाडलं, दुसरं रोमनांनी, इ.स. ७० मध्ये. आज दिवस मावळला की सुरू, उद्या चांदण्या दिसेपर्यंत पाणीसुद्धा नाही. आमच्या एलूल महिन्याला तर जुनी माणसं रमजानच म्हणायची.

२०३ काका: मुंबईचं मस्जिद स्टेशन घ्या. ते नाव सॅम्युएल स्ट्रीटच्या १७९६ सालच्या सिनेगॉगवरून, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळावरून. लोक त्याला जुनी मशीद म्हणत. आयुष्यभर तिथून लोकल पकडली, कळलं रिटायर झाल्यावर.

१०४ भाभी: मावशी, वाल खाली पाठवा. मी सोलते. तोंडात थेंब नाही आणि कोमट पाण्यात हात घालून बसणार?

३०२ मावशी: अगं, दोन किलो आहेत.

१०४ भाभी: असू देत. रमजानात इफ्तारला मलिद्याचं ताट कोण पाठवायचं? आमचा मलिदा पोळी कुस्करून तुपातला, तुमचा पोहे, गूळ, खोबऱ्याचा. माझी पोरं तुमचाच मागतात, काय सांगू.

४०१: मग ईदला मावशींना बिर्याणी?

१०४ भाभी: नाही हो. मटणासोबत दूध-दही त्यांना चालत नाही, कोळंबी-कुर्ल्याही नाहीत. त्यांना नारळाच्या रसातलं सांदण आणि बांगडा. शिरखुर्मा एकटाच, सकाळी.

४०१: पण रमजान दरवर्षी सरकतो, हा रोजा मात्र पावसातच?

सेक्रेटरी: ज्यूंच्या कॅलेंडरात आपल्यासारखा अधिक महिना असतो, १९ वर्षांत ७ वेळा. हिजरी वर्ष ३५४-३५५ दिवसांचं, त्यात अधिक महिना नाही. म्हणून रमजान दरवर्षी साधारण ११ दिवस आधी येतो. (३० वर्षं गणित शिकवलंय, एवढं चालायचंच.)

१०४ भाभी: 📷 सोलून झाले. सालं कुंडीत टाकली. एक मूठ पोरांनी पळवली, हिशेबात धरा.

३०२ मावशी: 😄 जगा गं. उद्या रात्री सगळ्यांनी वाटी घेऊन या.

सेक्रेटरी: टाकी दुपारी २ पर्यंत उरकायला सांगितलंय. बिरडं किती वाजता?

३०२ मावशी: चांदण्या दिसल्या की.

२०३ काका: या पावसात? 🌧️

३०२ मावशी: अहो, घड्याळ आहे माझ्याकडे. पावणेआठला या.