गावभाग परिवार 🙏 : आप्पांच्या घड्याळाचं काय करायचं?

अश्विनी (पुणे): आप्पांचं घड्याळ परस्पर दुकानात कोणी दिलं? काकूंच्या कपाटात होतं ना? मला सोनूकडून कळतंय.

भाऊकाका: सुप्रभात. मी दिले. सांगलीत हरभट रोडला दाखवले. नवीन डायल, नवीन काटे, केसला पॉलिश, सगळे मिळून २२०० सांगितले. ऑनलाइन अशीच एचएमटी 'जनता' घड्याळे चकाचक १५०० च्या आत मिळतात. विचार करावा.

नितीनदादा: मामा, डायल बदलू नका. आधी फोन करून थांबवा त्यांना.

भाऊकाका: अरे, डाग पडलेत. सहाचा आकडा दिसत नाही.

सुमाआत्या: डाग पुराचे आहेत. २०१९ ला आयर्विन पुलाला कृष्णेचं ५७ फूट पाणी होतं, खालच्या खोलीतलं कपाट अख्खं बुडालेलं. तेव्हा चिखल काढायला कोण आलं होतं आणि कोण फोनवर चौकशी करत होतं, तेही आठवा म्हणावं.

माईकाकू: वन्सं, विषय घड्याळाचा चाललाय.

प्रमोद: पूर निघाला, आता तांब्याचा बंब निघणार 😂

सोनू: पण खरंच, बंब कुठाय?

सुमाआत्या: हा मेसेज डिलीट करण्यात आला.

प्रमोद: आत्या, मी वाचला हां.

भाऊकाका: ऑनलाइन १५०० च्या आत मिळते. विचार करावा. (पुन्हा पाठवत आहे, कोणी वाचलेले दिसत नाही.)

नितीनदादा: वाचलं मामा. त्यातली बरीचशी रीडायल असतात. डायल नव्यानं छापलेला, मशीन दोन-तीन घड्याळांतून जुळवलेलं. आपल्या डायलवर देवनागरीत 'जनता' आहे, ती कारखान्यातली छपाई आहे. एकदा पुसली की गेली. जुन्या घड्याळाची किंमत डायलमध्येच असते, डाग असले तरी. आणि केसला पॉलिश कशाला? क्रोमचा मुलामा आहे, कडेला पितळ दिसायला लागलंय. घासलं की उरलासुरलाही जाईल.

अश्विनी (पुणे): मग करायचं काय? का तसंच ठेवायचं?

नितीनदादा: मशीनवर अवलंबून आहे. १७ ज्वेलचं (म्हणजे आत चाकांच्या टोकांना झीज होऊ नये म्हणून १७ खडे), हातानं चावी द्यायचं. एचएमटीनं १९६१ ला बंगळुरात जपानच्या सिटिझनच्या मदतीनं घड्याळांचा कारखाना काढला, हे मशीन त्याच घराण्यातलं. २०१६ ला सरकारनं एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं, त्यामुळं कोरे पार्ट आता सहज मिळत नाहीत. पण ही घड्याळं इतकी खपलीत की जुन्यांतून मेनस्प्रिंग (चावी दिली की गुंडाळते ती मोठी स्प्रिंग), चावी निघते. प्लेटा पितळेच्या, त्यांना गंज धरत नाही. स्क्रू, स्टेम (चावीची दांडी), स्प्रिंगा स्टीलच्या. पाणी हेअरस्प्रिंगपर्यंत, म्हणजे मधल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगपर्यंत गेलं असेल तर अवघड. ती गंजली की घड्याळ टिकटिक करेल, पण वेळ धड दाखवणार नाही.

प्रमोद: तारेचाच प्रश्न आहे तर मिरजेला तंबोरेवाल्यांकडे न्या की. सुरातही लावून देतील.

नितीनदादा: तू गप बस रे. सोनू, दुकानात जाऊन मागचं झाकण उघडून फोटो काढायला सांग. आणि तोवर कोणी चावी देऊ नका.

सोनू: आजी रोज देवपूजा झाली की द्यायची 🙈

माईकाकू: मग? आप्पा द्यायचे तसंच. काका द्या म्हणाले नाहीत म्हणून काय बंद ठेवायचं?

भाऊकाका: वहिनी, मी तसे काहीही म्हटलेले नाही. माझा मुद्दा एवढाच की १५०० च्या आत नवे मिळते.

अश्विनी (पुणे): काका, ते नवं नाहीये! आणि ते आप्पांचंही नाहीये.

प्रमोद: बाबा, तुम्ही स्वतः तीस वर्षं तीच स्कूटर दुरुस्त करताय.

भाऊकाका: स्कूटर चालते.

(दुपारी)

सोनू: फोटो आला. दोन स्क्रू लालसर, चावीच्या बाजूला गंज. मधली स्प्रिंग चकचकीत दिसतीय. डायल अजून काढला नव्हता, सांगितलं त्यांना नको म्हणून. आत तांदळाची पूड सापडली.

सुमाआत्या: तांदळात कोणी ठेवलं होतं?

माईकाकू: पुरात सगळ्यांचे मोबाईल ठेवले होते, त्यातच ठेवलं. तुमचाही होता.

नितीनदादा: मग करण्यासारखं आहे. मशीन खोलून धुणं, ऑइलिंग, गंजके स्क्रू, स्टेम, मेनस्प्रिंग आणि वरची प्लॅस्टिकची काच. डायल, काटे, केस आहे तसे. पाण्यापासून मात्र जपायचं, पुन्हा भिजवू नका. आणि मामा, विकायच्या हिशेबानं बघाल तर एवढाही खर्च करू नका, परत येणार नाही. कोणी हातात घालणार असेल तरच करा.

अश्विनी (पुणे): मी घालते.

सुमाआत्या: तू पुण्याला. घड्याळ सांगलीत राहिलं पाहिजे. पैसे मी देते.

भाऊकाका: पैशाचा प्रश्न नव्हताच. दुकानदाराने नुसत्या मशीनचे ८५० सांगितले आहेत. मी दिले आहेत. विषय संपला.

प्रमोद: बाबांनी दिले?? ग्रुपवर पावती टाका.

भाऊकाका: पावती नाही. तोंडी.

नितीनदादा: शनिवारी मी जातो. झाकण लावायच्या आधी बघून घेतो.

माईकाकू: शनिवारी येतोयस तर जेवायलाच ये. वन्सं, तुम्हीही या.

सुमाआत्या: बघते.