घरात एकच फोन, भावंडं तीन. वर्ग घ्यायचा कसा?

पाटीपेन्सिल: सहावीला गणित शिकवते. इमारत धोकादायक ठरली म्हणून दोन महिने शाळा घरूनच चालू आहे. पटावर ३८ मुलं, रोज दिसतात जेमतेम बारा. शाळेकडे टॅब नाहीत, मुलांच्या रिचार्जला पैसे नाहीत. बहुतेक घरांत एकच फोन, तोही वडील कामावरून आले की हाती लागतो. काल एक मुलगी जिन्यात बसून वर्गात आली. मी अपूर्णांकांची बेरीज मांडतेय तोवर तिची स्क्रीन अडकली. रात्री वहीचा फोटो आला: १/२ + १/३ = २/५. खाली लिहिलेलं, "बाई, आवाज तुटत होता, अंदाजाने केलं." मला झोप लागली नाही. निधी येईपर्यंत थांबले तर वर्ष वाया जाईल. तुम्ही काय करता?

सायंतारा: व्हिडिओचा हट्ट सोडा. तासाभराच्या व्हिडिओला अर्धा-एक जीबी सहज उडतो. पाच मिनिटं बोलून रेकॉर्डिंग पाठवलंत तर दोन-तीन एमबीत भागतं, रात्री फोन मिळाला तरी ऐकता येतं.

जुनाखडू: ताई, साधा कॉल करा. २०२० मध्ये शाळा बंद असताना बोट्सवानात हे रीतसर तपासलं गेलं. आठवड्याला एसएमएसवर गणितं आणि वीसेक मिनिटांचा कॉल, पालकांना सोबत घेऊन. त्या मुलांचं गणित सुधारलं. नुसत्या एसएमएसने फारसा फरक पडला नाही. माणसाचा आवाज लागतो हो!

पाटीपेन्सिल: सर, ३८ गुणिले २० म्हणजे आठवड्याचे साडेबारा तासांहून जास्तच. शिवाय आमच्याकडे स्क्रीनवर दिसला तोच हजर.

जुनाखडू: जे दिसत नाहीत त्या २६ जणांपासून सुरुवात करा, आणि त्यासाठी दोन ऑनलाइन तास कमी करा. कॉल झाला की हजेरी धरावी, असं मुख्याध्यापकांकडे लेखी मागा. आम्हाला मिळालं होतं. त्या मुलीला मात्र आजच फोन करा. उत्तर सांगू नका, कागदाची घडी घालायला सांगा.

पाटीपेन्सिल: केला. रात्री नऊला वडिलांनी फोन दिला. तिने दोन पट्ट्या घेतल्या, एकीचे पाच भाग केले, दुसरीचे दोन. विचारलं, "२/५ मोठे की अर्धा?" म्हणाली, "अर्धा." "मग अर्ध्यात आणखी मिळवून अर्ध्याहून कमी कसं झालं?" बराच वेळ नुसता कागदाचा आवाज. मग म्हणाली, "बाई, फोन ठेवू नका. मी परत करते."