मदत हवी आहे: ओडिया/संबलपुरीत बोलणारा ऑनलाइन समुपदेशक

नमस्कार. मी घणसोलीतल्या एका बांधकाम साइटवर सेफ्टी सुपरवायझर आहे. आमचा एक सेंटरिंग कामगार, वय २३, ओडिशातल्या बलांगीरकडचा. दोन आठवड्यांपूर्वी त्याने जिवाचं बरंवाईट करून घेण्याचं बोलून दाखवलं.

आधीच सांगतो: त्याला एकटं सोडत नाही, गावचाच एक जण सोबत झोपतो. पालिकेच्या रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलंय, गोळ्या चालू आहेत. भावाला कळवलंय. उंचावरचं काम बंद केलंय.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला (१४४१६, मोफत, २४ तास) फोन लावून दिला, ओडियात बोलणंही झालं. पण खोलीत आठ जण. सगळ्यांसमोर तो 'ठीक आहे' एवढंच म्हणतो. बाहेर रस्त्यावर उभं राहून रडायची त्याला लाज वाटते. लिहिता-वाचता जेमतेम येतं, म्हणून टाइप करायचं चॅट जमत नाही. मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज तो सहज पाठवतो, घरच्यांशी तसंच बोलतो. 'डिप्रेशन' हा शब्द त्याच्या डोक्यावरून जातो. छाती जळते, झोप नाही, मुकादमाची उचल फिटत नाही, घरी काय तोंड दाखवू, असं तो सांगतो. हे ऐकून समजून घेणारं माणूस हवं. नुसतं भाषांतर पुरणार नाही.

अडचणी: सुट्टी फक्त रविवारी, एरवी रात्री नऊनंतरच मोकळा. पैसे भरणं शक्य नाही. मुकादमाला कळता कामा नये.

व्हॉइस मेसेजवर, ओडिया किंवा संबलपुरीत, रात्री मोफत बोलणारा प्रशिक्षित समुपदेशक किंवा संस्था कुणाच्या प्रत्यक्ष अनुभवातली आहे का?