जुनी जिप्सी घेतली, आधी काय काय करून घेऊ?

लाल_माती:
मंडळी, २००८ ची जिप्सी किंग घेतली, एमपीएफआय (कार्ब्युरेटर नाही, इंजेक्शनवाली). पंधरा वर्षांनंतरचं पासिंग आधीच्या मालकानंच करून घेतलंय त्यामुळं २०२८ पर्यंत कागदांचं टेन्शन नाही. पण सर्व्हिसचं एक बिल नाही, मालक म्हणतो "सगळं केलंय, पेट्रोल टाका आन् फिरा". सेल्फ एकदम मस्त मारतो. फक्त पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूनं काळं पातळ ग्रीस ओघळलंय आणि फोर बाय फोर अजून टाकून बघितलं नाही. पावसाळ्याआधी दाजीपूर साईडला जायचंय. मोठे टायर आणि गाडी उंच करायचं लिफ्ट किट पण डोक्यात आहे. बजेट तीसेक हजार, सुरुवात कुठनं करू?

जुना_गिअर:
लिफ्ट किट आत्ता डोक्यातनं काढ भावा. आधी सगळी ऑइलं बदल. इंजिन तर कुणीपण बदलतं, पण गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देतो तो डबा), पुढचं डिफरन्शियल, मागचं डिफरन्शियल (एक्सलच्या मधला गिअरचा गोळा), ही चार ठिकाणं वर्षानुवर्षं कोण उघडत नाही. आणि हे मेकॅनिकला ओरडून सांग, आधी भरायचा नट सुटतोय का बघ, मगच खालचा ड्रेनचा खोल. वरचा गंजून बसला असला आणि खालनं ऑइल सोडलं, तर गाडी तिथंच उभी.
डिफरन्शियलला ८०डब्ल्यू९० जीएल-५, गिअरबॉक्सला ७५डब्ल्यू९० जीएल-४ सांगून घे, दुकानदार सगळीकडं एकच डबा खपवतात. नटाच्या चुंबकावर बारीक करडी पेस्ट असली तर चालतंय, दाताचा तुकडा निघाला तर मात्र खोलावं लागणार. ऑइल दुधाच्या चहासारखं निघालं तर आत पाणी गेलंय, मग हाउसिंगवरचा ब्रीदर, म्हणजे हवा जायची-यायची नळी, चोंदलाय का बघ. गरम डिफरन्शियल ओढ्यात थंड झालं की आतली हवा आकसते आणि ब्रीदर बंद असला तर सीलमधनं पाणीच ओढून घेते.
तुझं ते पातळ ग्रीस म्हणजे बहुतेक एक्सलचं आतलं सील गेलंय, डिफरन्शियलचं ऑइल नकलमध्ये (एक्सलच्या टोकाला चाक वळतं तो सांधा) उतरून ग्रीस पातळ करतंय. नकल खोलून धुऊन, सील आणि मागचं फेल्ट नवीन टाकून परत ग्रीस भरायचं. दोन्ही बाजूंचं एकदमच कर.

घाटवाट:
+१. टायमिंग बेल्ट राहिला. बिल नसेल तर बदललाच नाही असं धरून चालायचं. टेन्शनर आणि पुढची ऑइल सीलं त्याच मजुरीत. पेट्रोलचे रबरी पाइप पण बदल, आता पंपावर ई२० (वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) येतंय, एवढ्या जुन्या रबराला ते मानवत नाही.

सोमवारची_गाडी:
बेल्टचं एवढं काय, कव्हर काढून बघायचा, चिरा नसतील तर चालवायचा की. उगाच खर्च.

घाटवाट:
@सोमवारची_गाडी बेल्ट वरनं बघून कळत नाही ओ. दाजीपूरच्या जंगलात तुटला तर टोचन करून आणायला जेवढे जातील त्यात नवीन बेल्ट बसून वर जेवण होईल.

जुना_गिअर:
आणि ब्रेक!! मागचे ड्रम खोलून बघ, लायनर ऑइलानं भिजलेत का. ब्रेक ऑइल पूर्ण नवीन भर. प्रोपेलर शाफ्ट तीन आहेत, गिअरबॉक्स ते ट्रान्सफरचा छोटा धरून, तिन्हींच्या क्रॉसला (टोकाच्या सांध्याला) ग्रीस मार आणि हातानं हलवून प्ले बघ. ट्रान्सफर केसचे रबर माउंट फाटलेत का ते पण.
फोर बाय फोर मातीतच टाकून बघ, पुढच्या चाकांचे दोन्ही हब हातानं लॉक करून. डांबरावर नको, पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मधे डिफरन्शियल नाही, वळताना सगळा ताण शाफ्टवर येतो. फोर एल (हळू, जास्त ताकदीचं फोर बाय फोर) गाडी थांबवूनच. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले पाहिजेत.

लाल_माती:
काल खोललं. पुढचं डिफरन्शियल चहाच निघाला, ब्रीदर मातीनं गच्च. उजवा हब लॉकवर फिरतच नव्हता, खोलून साफ करून बसवला. बेल्टचं सामान सोमवारी येतंय. एकच, पुढचं ऑइल आत्ता भरलंय ते किती दिवस ठेवू?

जुना_गिअर:
दोन-तीनशे किलोमीटर चालव, मधे थोडं फोर बाय फोर टाकून, आणि ते ऑइल खालनं काढून टाक. मग चांगलं भर.