दहा दिवसांच्या नाचाने काय साधतं?

नाचातून ख्रिस्ताचा संदेश द्यायला जपानला जाणाऱ्या ख्रिस्ती तरुणांच्या गटांबद्दल कुणीतरी विचारलंय: ‘भाषा येत नाही, दहा दिवस नाचून परत यायचं, त्यातून जपानमध्ये काय साधणार?’ हा मुद्दा मला अर्धाच पटतो. भाषेवाचून नाच अडत नाही, खरं काम गट परतल्यावर सुरू होतं. आम्ही योकोहामाजवळ राहत होतो तेव्हा आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, असाच बारा तरुणांचा गट आला होता. स्टेशनसमोर नाचायचं तर रस्ता वापरायची पोलिसांची परवानगी लागते. त्यासाठीच्या खेपा मंडळीतल्या एका आजींनी घातल्या. कार्यक्रम पाहायला आलेल्या शेजारणीला पुढे दर बुधवारी चहाला बोलावलं, तेही त्यांनीच. त्या आजी नसत्या तर तो नाच तिथेच संपला असता.

आणखी एक गोष्ट या चर्चेत कुणी लिहिली नाही. पहिल्याच संध्याकाळी पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) गटातल्या मुलांना ‘फुमिए’बद्दल सांगितलं. १६१४ साली जपानमध्ये देशभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. पुढे नागासाकीत लोकांना ख्रिस्ताच्या किंवा मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवून आपण ख्रिस्ती नाही हे दाखवावं लागे; हीच फुमिए. नकार म्हणजे छळ, कित्येकदा मरण. बंदी उठली १८७३ मध्ये, आणि आजही जपानमध्ये ख्रिस्ती लोक शंभरात एखादाच. मुलं एकदम गप्प झाली. त्यांच्या नाचात जमिनीवर जोरात पाय आपटायची एक जागा होती. दुसऱ्या दिवशी सरावात त्या जागी पाय आपटण्याऐवजी सगळे अनवाणी, गुडघ्यावर बसले.