बाबांच्या जुन्या रेकॉर्ड्सचा भाव कसा काढायचा?

दर्यापूरकर: कापसाचा चुकारा झाला की बाबा अमरावतीहून एखादी रेकॉर्ड आणत. आता माळ्यावरची पेटी काढली, तर भंगारवाला किलोनं मागून राह्यला. मले काही पटलं नाही. खरा भाव कसा समजेल? स्पिरिटनं पुसू का?

जुना श्रोता: स्पिरिट अजिबात नको! 78च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात, स्पिरिटनं लाख विरघळते. कोरड्या मऊ ब्रशनं धूळ काढा आणि उभ्या ठेवा. एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या रेकॉर्ड्स, व्हिनाइल या प्लास्टिकच्या, त्या वेगळ्या काढा. लेबलवरचा नंबर डिस्कॉग्ज या रेकॉर्ड्सच्या खरेदी-विक्रीच्या वेबसाइटवर शोधा, पण मागितलेली किंमत पाहू नका, आधी विकल्या गेल्याची पाहा. गाजलेल्या सिनेमांच्या रेकॉर्ड्स भरपूर निघाल्या, त्यांना फारसं मिळत नाही. कव्हर शाबूत असेल तर भाव चढतो.

वर्धेकर: सगळी पेटी एकदम देऊ नका भाऊ. व्यापारी चांगल्या चार पाहूनच आकडा सांगतो. आधी यादी करा, उजेडात तिरपं धरून ओरखड्यांचे फोटो काढा.

दर्यापूरकर: बरं झालं विचारलं. सिनेमाच्या विकतो, नाट्यगीतं मात्र घरातच राहतील, आई अजून ऐकते.